बाळ तीन दिवसांचं व्हायच्या आत: न्यूबॉर्न स्क्रीनिंगच्या कामात नव्याने आलेल्यांसाठी

न्यूबॉर्न स्क्रीनिंग म्हणजे नवजात बाळाच्या टाचेतले काही थेंब रक्त कागदी कार्डावर घेऊन, वरून न दिसणारे आजार वेळेत शोधायचं काम. या कामात नवीन आलेल्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारते, काल किती बाळं जन्मली? आणि जवळपास दरवेळी उत्तर येतं, "काल १९ सॅम्पल आले." मी परत विचारते, सॅम्पल नाही हो, बाळं किती? मग कुणाला काही सांगता येत नाही. नेमकी तिथेच बाळं सुटतात, कारण जे कार्ड लॅबमध्ये पोचलं त्याच्यासाठी मशीन आहे, टेक्निशियन आहे, रिपोर्ट आहे, पण ज्या बाळाचं कार्ड भरलंच गेलं नाही ते कुणाच्याच टेबलावर नसतं, त्याच्यासाठी कुठला अलार्म वाजत नाही, आणि त्याला खरंच आजार असेल तर तो कळतो तेव्हा बाळ आयसीयूत पोचलेलं असतं. म्हणून खाली जे काही लिहिलंय त्यात टेस्टच्या केमिस्ट्रीबद्दल कमी आणि मोजणी आणि घड्याळ याबद्दल जास्त आहे. टेस्ट चांगल्याच आहेत, आपण त्या वेळेत बाळापर्यंत नेतो का एवढाच प्रश्न आहे.

आधी घाई कशाची ते समजून घ्या

पोटात असताना बाळाच्या रक्तातला नको तो माल नाळेतून आईकडे जातो आणि आईचं शरीर तो निस्तरतं. जन्मानंतर नाळ कापली की बाळ स्वतःच्या भरवशावर. त्यामुळे पीकेयू (प्रोटीनमधला फिनाइलॲलॅनिन नावाचा घटक शरीराला मोडता येत नाही), गॅलॅक्टोसेमिया (दुधातली साखर मोडता येत नाही), एमएसयूडी (प्रोटीनमधले दुसरे काही घटक मोडता येत नाहीत) असल्या आजारांची बाळं जन्मताना अगदी छान दिसतात, वजन चांगलं, रडणं चांगलं, दूध ओढतात, आणि त्या दुधाबरोबरच त्रास साठायला लागतो. बघून काही कळत नाही, अनुभवी डॉक्टरलाही नाही, हे मनात पक्कं बसवा, कारण "बाळ तर मस्त आहे, कशाला टोचायचं" हे वाक्य तुम्हाला आयुष्यभर ऐकायचंय.

आता प्रत्येक आजाराचं घड्याळ वेगळं. एमएसयूडीचं बाळ पहिल्याच आठवड्यात सुस्त होऊन दूध सोडतं आणि मेंदूला सूज येऊ शकते. गॅलॅक्टोसेमियात पहिल्या काही दिवसांत कावीळ, उलट्या, लिव्हरचा त्रास, वर ई-कोलाय जंतूंचं सेप्सिस (रक्तात पसरलेलं इन्फेक्शन), आणि तोवर सगळे साध्या इन्फेक्शनच्या मागे लागलेले असतात. सीएएच, म्हणजे ॲड्रिनल ग्रंथीचा जन्मजात बिघाड, त्याच्या सॉल्ट-वेस्टिंग (शरीरातलं मीठ लघवीतून निघून जाणाऱ्या) प्रकारात साधारण दुसऱ्या आठवड्यात सोडियम घसरतं, पोटॅशियम चढतं आणि बाळ शॉकमध्ये जातं, त्यात मुलगे जास्त सुटतात कारण मुलींमध्ये किमान जननेंद्रियाच्या वेगळेपणावरून शंका येते, मुलांमध्ये बाहेरून काहीच दिसत नाही. जन्मजात हायपोथायरॉईडिझम (थायरॉईडचं हार्मोन कमी पडणं) शांत असतो, बाळ जरा जास्त झोपतं, कावीळ लांबते, शी कडक होते, घरचे म्हणतात किती गुणी बाळ आहे, आणि तिकडे मेंदूची वाढ अडलेली असते. हा साधारण २००० ते ४००० बाळांमागे एकाला असतो, आणि पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर मूल बाकी मुलांसारखंच शिकतं वाढतं. एका छोट्या गोळीवर सगळं बदलतं, फक्त ती वेळेत पडायला हवी.

थोडा इतिहासही माहीत असू द्या. पीकेयू हा आजार १९३४ मध्ये नॉर्वेत आस्ब्योर्न फॉलिंग यांनी ओळखला, १९५० च्या दशकात आहाराचा उपाय सापडला, पण उपाय सापडून काय उपयोग, तोवर मुलांच्या मेंदूचं नुकसान होऊन गेलेलं असायचं. मग अमेरिकेत रॉबर्ट गथ्री यांनी फिल्टर पेपरवर वाळवलेल्या रक्ताच्या थेंबावर करता येणारी स्वस्त टेस्ट बसवली, १९६३ मध्ये ती छापून आली. त्यांच्या घरातच मतिमंदत्व असलेला मुलगा होता आणि पत्नीच्या बहिणीच्या मुलीला पीकेयू होता, म्हणजे उशीर म्हणजे काय हे त्यांना घरून माहीत होतं. त्यांनी रक्त पोस्टाने पाठवता येईल असं केलं ही मला टेस्टइतकीच मोठी गोष्ट वाटते. लॅब लांब असली तरी बाळ तिच्यापासून लांब राहिलं नाही.

पायरी १: जन्मांची यादी रोज हातात घ्या

कार्डांची यादी नको, जन्मांची हवी. लेबर रूमचं रजिस्टर, ऑपरेशन थिएटरचं रजिस्टर, एनआयसीयूचं (नवजात बाळांच्या आयसीयूचं) ॲडमिशन रजिस्टर, घरी झालेल्या प्रसूतींची सुईणींकडची नोंद आणि जन्म नोंदणी ऑफिसचा डेटा. यातला कुठलाही एक सोर्स पुरेसा नसतो. सिझेरियनची बाळं कधी कधी फक्त थिएटरच्या वहीत असतात, रस्त्यात ॲम्ब्युलन्समध्ये झालेलं बाळ कधी कधी कुठल्याच वहीत नसतं, थेट एनआयसीयूत दिसतं.

मी अजूनही सकाळी पहिला अर्धा तास हेच करते, डावीकडे जन्मांची यादी, उजवीकडे लॅबमध्ये पोचलेल्या कार्डांची, आणि फूटपट्टी धरून एकेक ओळ खाली सरकत जाते. सॉफ्टवेअर आहे, ते मॅचिंग करतं, पण पहिले काही महिने तुम्ही हाताने करा, म्हणजे कुठल्या प्रकारची बाळं गळतात ते डोळ्यांना सवयीचं होतं. प्रत्येक जन्मासमोर चारच उत्तरं चालतात: सॅम्पल लॅबला मिळाला, आई-वडिलांनी समजून घेऊन लेखी नकार दिला, बाळ दुसऱ्या हॉस्पिटलला गेलं आणि तिथल्या माणसाने नाव सांगून जबाबदारी घेतली, किंवा बाळ दगावलं. "बहुतेक घेतला असेल", "त्यांनी सांगितलं होतं घेतो म्हणून", "डिस्चार्ज झाला म्हणजे झालाच असणार" ही उत्तरं नाहीत, ती ओळ लाल ठेवायची आणि दुपारपर्यंत फोन करून मिटवायची.

नावावर मॅचिंग करू नका. नवजात बाळाला नाव नसतं, कार्डावर आईचं नाव असतं, नंतर बारशाचं नाव येतं, आडनाव कधी आईचं कधी वडिलांचं, स्पेलिंग तीन प्रकारची. जन्मल्या जन्मल्या कार्डाचा सीरियल नंबर बाळाच्या रेकॉर्डला चिकटवून टाका, म्हणजे कार्ड रिकामं असतानाच ते कुणाचं आहे हे ठरलेलं असेल. मग चार दिवसांनी नंबर दिलाय पण कार्ड आलं नाही हे आपोआप दिसतं. जुळ्यांना पहिलं आणि दुसरं असं स्पष्ट लिहा, दोन कार्डांवर एकाच बाळाचं रक्त गेल्याचे प्रकार होतात.

पायरी २: आई-वडिलांशी बाळ व्हायच्या आधी बोला

प्रसूतीनंतर दुसऱ्या दिवशी आई दमलेली असते, दुखत असतं, दूध येतंय का नाही याची काळजी, तेव्हा तुम्ही जाऊन आजारांची यादी वाचून दाखवलीत तर तिला काही कळणार नाही आणि ती घाबरेल. सातव्या आठव्या महिन्यातल्या तपासणीला पाच मिनिटं द्या: टाचेतून काही थेंब रक्त घेणार, कधी घेणार, रिपोर्ट कधी येणार, आणि परत बोलावलं तर त्याचा अर्थ बाळ आजारी आहेच असा नाही. त्याच वेळी दोन फोन नंबर घ्या, एक आईचा आणि एक अशा माणसाचा जो नेहमी फोन उचलतो, आणि बाळंतपणानंतर पहिला महिना ती कुठे राहणार आहे तो पत्ता, कारण रिपोर्ट यायच्या वेळी बरीच कुटुंबं स्वतःच्या घरी नसतात. तो नंबर तिथल्या तिथे डायल करून बघा. वाजला तरच लिहा.

पायरी ३: कधी टोचायचं

बऱ्याच ठिकाणी जन्मानंतर २४ ते ४८ तासांच्या दरम्यान. ऑस्ट्रेलियात ४८ ते ७२ तास, जर्मनीत ३६ ते ७२ तास, ब्रिटनमध्ये सहसा पाचव्या दिवशी. तुमच्या प्रोग्रॅमचा जो नियम असेल तो पाळा, पण नियमामागचं कारण कळलं पाहिजे. फार लवकर घेतला तर दोन बाजूंनी फसतो: जन्मल्यावर बाळाचा टीएसएच (थायरॉईडला चालना देणारं हार्मोन) एकदम उसळतो आणि मग हळूहळू उतरतो, त्यामुळे पहिल्या दिवसात घेतलेला सॅम्पल उगाच पॉझिटिव्ह येऊ शकतो, आणि उलट पीकेयूसारख्या आजारात फिनाइलॲलॅनिन अजून पुरेसं साठलेलं नसतं म्हणून खरा आजार सुटू शकतो. फार उशिरा घेतला तर एमएसयूडीचं बाळ रिपोर्ट यायच्या आत कोलमडतं.

मग २० व्या तासाला डिस्चार्ज मागितला तर? घेऊनच पाठवा. लवकर घेतलेला सॅम्पल शंभर टक्के खात्रीचा नसतो पण तो बाळ यादीत आणतो, आणि कार्डावर जन्माची वेळ आणि सॅम्पलची वेळ दोन्ही तास-मिनिटांसकट लिहिली की लॅब स्वतःच रिपीट मागते. रिपीटची तारीख तोंडी सांगू नका, डिस्चार्ज पेपरवर लिहा, आणि ती तारीख तुमच्या यादीतही टाका. "उद्या येतो" म्हणून गेलेलं कुटुंब येतंच असं नाही, यात त्यांचा दोष नसतो, घरी दोन दिवसांचं बाळ घेऊन पुन्हा बाहेर पडणं किती अवघड असतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत.

एनआयसीयूचा विषय वेगळा आणि इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. बाळ सिरियस असतं, प्रत्येकाचं लक्ष श्वासावर आणि सलाईनवर, स्क्रीनिंग कुणाच्याच डोक्यात नाही. लक्षात ठेवायची मुख्य गोष्ट म्हणजे रक्त चढवायच्या आधी सॅम्पल. बाळ किती तासांचं आहे ते बघू नका, रक्त चढवायची ऑर्डर निघाली की आधी कार्ड भरा. एकदा दुसऱ्याचं रक्त गेलं की गॅलॅक्टोसेमिया, जी-सिक्स-पीडी (लाल पेशींतल्या एका एन्झाइमची कमतरता), सिकल सेल (लाल पेशींचा आनुवंशिक आजार) या टेस्ट रक्तदात्याचा रिपोर्ट देतात आणि मग काही टेस्टसाठी महिनोन् महिने थांबावं लागतं. एनआयसीयूच्या ब्लड रिक्वेस्ट फॉर्मवरच "स्क्रीनिंग कार्ड घेतलं का" हा रकाना छापून घेतलात तर अर्धं काम झालं. फार लवकर जन्मलेल्या बाळांना एक सॅम्पल पुरत नाही, बऱ्याच प्रोग्रॅममध्ये ॲडमिशनला, मग ४८ ते ७२ तासांना आणि मग २८ व्या दिवशी किंवा घरी जाताना असे तीन घेतात, कारण अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा थायरॉईडचा प्रॉब्लेम उशिरा दिसू शकतो. एकसारख्या जुळ्यांचंही तसंच, पोटात त्यांचं रक्त एकमेकांत मिसळू शकतं आणि एकाचा हायपोथायरॉईडिझम दुसऱ्याच्या रक्तामुळे झाकला जाऊ शकतो, म्हणून दोन आठवड्यांनी परत बघायचं.

पायरी ४: टाच

हे नीट वाचा, रिजेक्ट झालेली कार्डं बहुतेक इथेच खराब होतात, आणि एक रिजेक्ट कार्ड म्हणजे त्या बाळाचे कमीत कमी काही दिवस गेले.

बाळ आईच्या छातीशी असू दे, पीत असेल तर उत्तमच, दुखणं खरंच कमी जाणवतं आणि आईलाही बरं वाटतं. पाय शरीरापेक्षा खाली लोंबता. टाच गार असेल तर कोमट ओल्या कापडाने तीन ते पाच मिनिटं शेका, कापड ४२ अंशांच्या वर नको, आपल्या मनगटावर आधी लावून बघा. मग स्पिरिटने पुसा आणि ते उडून जाऊ दे, घाई करून ओल्या टाचेवर टोचलंत तर रक्त पातळ होतं. आयोडीनवालं अँटिसेप्टिक वापरू नका, त्याने थायरॉईडच्या टेस्टमध्ये घोळ होतो.

टोचायची जागा टाचेच्या तळव्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या कडेला. मधोमध नाही, मागच्या गोलाईवर तर अजिबात नाही, तिथे हाड फार जवळ असतं. लॅन्सेट (टोचायचं छोटं पातं) आपोआप आत जाणारा, २ मिलिमीटरपेक्षा खोल न जाणारा. पहिला थेंब कोरड्या गॉझने पुसून टाका. आता थांबा. हे थांबणं नवीन माणसाला जमत नाही, तो टाच पिळायला लागतो, पिळली की पेशी फुटतात, अंगातलं पाणी रक्तात मिसळतं आणि आकडे चुकतात. हलका दाब द्या, सोडा, परत द्या, आणि एक मोठा थेंब लोंबेल एवढा वेळ द्या. मग कार्ड त्या थेंबाला नुसतं टेकवा, टाचेवर दाबू नका, आणि कागद स्वतः रक्त ओढून घेतो ते बघा. वर्तुळ एकाच थेंबाने भरलं पाहिजे. उलटं करून बघा, मागेही तेवढंच गोल आणि तेवढंच गडद दिसायला हवं. मागे पांढरं राहिलं असेल तर वरून दुसरा थेंब टाकायचा मोह होतो, टाकू नका, थरावर थर चढतो आणि लॅबमध्ये त्यातून जेव्हा साधारण ३ मिलिमीटरची टिकली पाडतात तेव्हा त्यात किती रक्त आहे याचा हिशेबच लागत नाही. पुढच्या वर्तुळात नवीन थेंब घ्या. दोन्ही बाजूंनी भरू नका. वर्तुळाच्या आतल्या कागदाला बोट लावू नका, हाताला लोशन, पावडर, दूध काहीही असू शकतं.

नव्या नर्सला शिकवताना मी तिला लॅबने रिजेक्ट केलेली जुनी कार्डं दाखवते, नाव झाकून. एक फिकट पाणचट, एक डागाभोवती पिवळसर कडा आलेलं, एक अर्धं भरलेलं. दहा मिनिटांत जे कळतं ते दोन तासांच्या लेक्चरने कळत नाही.

पायरी ५: वाळवणं आणि पाठवणं

कार्ड आडवं, हवेशीर जागी, नेहमीच्या तापमानाला, कमीत कमी तीन तास. ऊन नको, हीटर नको, हेअर ड्रायर नको, एकावर एक ठेवायची नाहीत, उभी टांगायची नाहीत. ओलं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घातलं की आत वाफ धरते आणि एन्झाइम मरतात, मग गॅलॅक्टोसेमिया आणि बायोटिनिडेज या एन्झाइमच्या कमतरतेच्या टेस्ट उगाच पॉझिटिव्ह येतात. उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीतही तेच होतं, कुरिअरवाल्याला हे कुणी सांगितलेलंच नसतं, तुम्ही सांगा.

आणि आता ज्या गोष्टीवर मी सगळ्यात जास्त भांडते ती. कार्डं साठवून पाठवू नका. "रोज दोन-तीनच होतात, आठवड्याची एकदम पाठवू" हे सोयीचं वाटतं, पण सोमवारी टोचलेलं बाळ शनिवारपर्यंत पाकिटात पडून राहतं. अमेरिकेत २०१३ मध्ये मिलवॉकीच्या एका वर्तमानपत्राने देशभरातल्या सॅम्पलच्या तारखा मिळवून तपासल्या आणि असंख्य हॉस्पिटलं कार्डं साठवून उशिरा पाठवत होती, काही लॅब शनिवार-रविवार बंद असायच्या, हे उघड केलं. त्यातून बरेच नियम बदलले. तिथली शिफारस आता अशी आहे की सॅम्पल ४८ तासांच्या आत घ्यावा, घेतल्यापासून २४ तासांत लॅबला मिळावा, तातडीच्या आजारांचा पॉझिटिव्ह रिपोर्ट बाळ ५ दिवसांचं व्हायच्या आत आणि बाकी सगळे रिपोर्ट ७ दिवसांच्या आत यावेत. हे आकडे कुठल्याही देशात भिंतीवर लावण्यासारखे आहेत.

मी स्वतः पाहिलेलं एक सांगते, कुठलं हॉस्पिटल ते सांगत नाही. शुक्रवारी दुपारची सहा कार्डं ट्रेमध्ये छान वाळलेली, पाकीट तयार, फक्त पाकिटं खाली नेऊन देणाऱ्याची रजा होती आणि त्याच्या जागी कोण हे ठरलेलं नव्हतं. सोमवारी सुट्टी. कार्डं मंगळवारी निघाली. त्यातल्या एका बाळाचा गॅलॅक्टोसेमिया पॉझिटिव्हचा फोन मी केला तेव्हा ते बाळ आदल्या रात्री लिव्हर फेल्युअरने ॲडमिट झालेलं होतं. ते वाचलं, पण त्या आईने मला विचारलं, "शुक्रवारी घेतलं होतं ना हो रक्त?" त्यानंतर मी प्रत्येक ठिकाणी पाकीट नेणाऱ्याचं नाव आणि तो नसेल तर कोण, हे दोन्ही लिहून घेतल्याशिवाय उठत नाही. पाकिटात कार्डांची यादीही घाला, म्हणजे सहा निघाली आणि पाच पोचली तर लॅबला त्याच दिवशी कळेल.

पायरी ६: लॅब

इथे तुमचं काम कमी आहे, पण दोन गोष्टी मागून घ्या. पहिली, सॅम्पल खराब असेल तर ते त्याच दिवशी फोनवर कळलं पाहिजे, आठवड्याच्या रिपोर्टमध्ये नको. दुसरी, लागून सुट्ट्या आल्या की तातडीच्या आजारांच्या टेस्टसाठी कुणीतरी कामावर असायला हवं. टँडम मास स्पेक्ट्रोमेट्रीचं, म्हणजे रक्तातले घटक वजनावरून ओळखणारं, मशीन एका टिकलीतून दोनेक मिनिटांत कितीतरी आजारांची चाहूल देतं, १९९० च्या दशकात ते आल्यापासून स्क्रीनिंगचं चित्रच बदललं, पण कार्ड शुक्रवारी संध्याकाळी लॅबच्या दारात आणि मशीन सोमवारी सकाळी सुरू, तर त्या दोन मिनिटांना काय अर्थ उरतो.

पायरी ७: पॉझिटिव्ह आला, आता फोन

पत्र नको, मेसेज नको, फोन. आणि फोन करायच्या आधी पाच मिनिटं तयारी: बाळ आज किती दिवसांचं, आजार कोणता, तो तातडीचा आहे का, त्या घराला जवळचं असं कोणतं हॉस्पिटल आहे जिथे हा आजार कळतो, तिथल्या डॉक्टरशी आधी बोलून ठेवलंय का. आई-वडिलांना "तज्ञांना दाखवा" सांगून फोन ठेवायचा नाही, कुठे, किती वाजता, कुणाला भेटायचं, सोबत काय न्यायचं हे सांगायचं.

पहिला प्रश्न नेहमी बाळाबद्दल. "बाळ कसं आहे आत्ता? दूध पितंय का? उठतंय का प्यायला? उलटी?" कारण बाळ सुस्त असेल, पीत नसेल तर बाकी बोलणं नंतर, आधी लगेच हॉस्पिटल. बाळ ठीक असेल तर मी साधारण असं बोलते: "ताई, बाळाच्या टाचेतलं रक्त घेतलं होतं ना, त्यात एक गोष्ट जास्त आलीये, याने आजार पक्का होत नाही, पण खात्री करायला मोठी टेस्ट आजच करावी लागेल, उद्यावर टाकू नका." मग थांबते. त्या रडतात, किंवा गप्प होतात, किंवा म्हणतात बाळ तर छान आहे. बोलू द्यायचं. मग त्यांच्याकडूनच परत वदवून घ्यायचं, कुठे जायचं, किती वाजता. इंटरनेटवर काय शोधू नका म्हणणं व्यर्थ आहे, शोधणारच, त्यापेक्षा आजाराचं नाव नीट सांगा आणि मी संध्याकाळी परत फोन करते म्हणा, आणि करा.

दूध थांबवायचं का, हे विचारतात. स्वतःच्या मनाने सांगू नका. गॅलॅक्टोसेमियाचा संशय असेल तर डॉक्टर आईचं दूध थांबवून लॅक्टोज नसलेलं फॉर्म्युला लगेच सुरू करतात, पीकेयूत आईचं दूध ठरावीक प्रमाणात चालू ठेवता येतं, हायपोथायरॉईडिझममध्ये तर थांबवायचा प्रश्नच नाही. एकाचा सल्ला दुसऱ्याला दिला तर नुकसान होतं.

फोन लागला नाही तर? अर्ध्या तासाने परत, दुसरा नंबर, मग प्रसूती झालेलं हॉस्पिटल, मग त्या भागातली नर्स घरी. ही साखळी आधी लिहून ठेवा, म्हणजे रात्री ड्युटीवर कुणीही असलं तरी त्याला विचार करत बसावं लागणार नाही. आणि प्रत्येक कॉलची वेळ लिहा. तातडीच्या आजारात "दोनदा लावला, उचलला नाही" इथे काम थांबत नाही, माणूस दारात पोचेपर्यंत ते चालू असतं.

पायरी ८: फाइल कधी बंद करायची

रिपोर्ट दिला की बंद नाही. कन्फर्मेटरी (खात्री करणारी) टेस्ट झाली आणि आजार नाही असं लेखी आलं तर बंद. आजार आहे असं आलं तर औषधाच्या पहिल्या डोसची तारीख लिहा आणि तेव्हा बाळ किती दिवसांचं होतं ते लिहा. माझ्या मते अख्ख्या प्रोग्रॅमचा खरा आकडा हाच. थायरॉईडच्या गोळीबद्दल एक बारीक गोष्ट, ती कुटून थोड्या पाण्यात किंवा आईच्या दुधात चमच्याने द्यायची, बाटलीभर दुधात मिसळली तर बाळ अर्धी बाटली सोडतं आणि डोसही अर्धाच जातो, आणि सोया फॉर्म्युला किंवा लोहाच्या औषधाबरोबर दिली तर नीट शोषली जात नाही. हे घरच्यांना कुणीतरी करून दाखवलंय का तेही विचारा.

कान आणि हृदय

त्याच डिस्चार्जच्या आत दोन टेस्ट अजून होतात. कानांची, एक महिन्याच्या आत स्क्रीनिंग, तीन महिन्यांच्या आत पक्कं निदान, सहा महिन्यांच्या आत मदत सुरू. आणि हृदयाची, २४ तासांनंतर पल्स ऑक्सिमीटर उजव्या हाताला आणि कुठल्याही एका पायाला लावून: ९० च्या खाली आलं तर थेट डॉक्टर, दोन्ही ठिकाणी ९५ किंवा जास्त आणि हात-पायातला फरक ३ पर्यंत असेल तर पास, मधलं असेल तर तासाभराने परत. उजवाच हात, कारण डाव्या हाताचं रीडिंग फसवू शकतं. यांचीही नोंद त्याच जन्मांच्या यादीत, वेगळ्या वहीत नको.

महिन्याच्या शेवटी आकडे बघताना

तुम्हाला सांगतील आपली सरासरी छान आहे, सॅम्पल सरासरी ४० तासांना होतो. सरासरी बाजूला ठेवा आणि सगळ्यात उशिरा झालेली दहा बाळं काढा, नावानिशी. मग त्या दहांचा प्रवास तास-तास मागे जात लिहा, जन्म कधी, टोचलं कधी, वाळलं कधी, निघालं कधी, पोचलं कधी, रिपोर्ट कधी, फोन कधी. पाच-सहा बाळांमध्ये एकच जागा परत परत दिसेल, एखादं छोटं हॉस्पिटल जिथे कार्ड संपली की आठवडाभर मिळत नाहीत, एखादा वॉर्ड जिथे रविवारी टोचणारी नर्सच नसते. तिथे जा. ईमेल पाठवू नका, स्वतः जा, आणि ओरडायला जाऊ नका, तिथल्या नर्सला विचारा कुठे अडतं, तिला माहीत असतं, तिला कुणी विचारलेलं नसतं.

नकार देणाऱ्या कुटुंबांचीही यादी वेगळी बघा. एकाच भागातून, एकाच वॉर्डातून नकार जास्त येत असतील तर बहुतेक वेळा तिथे कुणी नीट समजावतच नाहीये, फॉर्म पुढे सरकवतायत आणि सही घेतायत. अशा कुटुंबांना आठवड्याच्या आत एकदा परत फोन करा, शांतपणे, आग्रह न धरता. उशिरा घेतलेला सॅम्पलही हायपोथायरॉईडिझम पकडू शकतो.

आता तुमच्या पहिल्या आठवड्यासाठी: एक दिवस लेबर रूममध्ये, एक दिवस एनआयसीयूत, एक दिवस पाकिटांबरोबर लॅबपर्यंत, एक दिवस लॅबच्या रिसीव्हिंग टेबलावर, आणि उरलेला दिवस फोन करणाऱ्या माणसाशेजारी. आणि कॅलेंडर उघडून पुढच्या तीन महिन्यांतल्या जोडून येणाऱ्या सुट्ट्यांवर गोल करा, प्रत्येक गोलासमोर टोचणार कोण, पाकीट नेणार कोण, मशीन लावणार कोण, फोन करणार कोण, अशी चार नावं लिहा. एक जरी जागा रिकामी राहिली तर ती भरेपर्यंत मला कधीही फोन करा.